औद्योगिक प्रदूषण नियंत्रणातील लोकसहभाग (नांदेड व लातूर जिल्हे)

औद्योगिक प्रदूषण नियंत्रणातील लोकसहभाग म्हणजे कारखान्यांतून बाहेर पडणारे सांडपाणी, धूर, राख, दुर्गंधी व घनकचरा यांमुळे बाधित होणाऱ्या रहिवाशांनी स्थानिक स्वराज्य संस्था, जिल्हा प्रशासन आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ यांच्या निर्णयांवर कायदेशीर मार्गांनी प्रभाव टाकण्याची प्रक्रिया होय. ग्रामसभेचा ठराव, लेखी तक्रार, माहितीचा अधिकार, पर्यावरणविषयक जनसुनावणी, दंडाधिकाऱ्यांकडील अर्ज आणि राष्ट्रीय हरित अधिकरणाकडील दाद ही या प्रक्रियेची प्रमुख साधने आहेत. प्रस्तुत लेखात मराठवाड्यातील नांदेड व लातूर या दोन जिल्ह्यांच्या संदर्भात या साधनांचा परिचय करून दिला आहे.

या विषयातील मुख्य अडचण अधिकारांच्या विभागणीची आहे. रहिवासी आपली तक्रार प्रथम सरपंच, नगरसेवक किंवा महानगरपालिका यांच्याकडे नेतात. परंतु कारखान्याला प्रदूषणविषयक संमती देण्याचा आणि ती रोखण्याचा अधिकार राज्यस्तरीय मंडळाकडे असतो. त्यामुळे कोणत्या कार्यालयाकडे काय मागावे आणि स्थानिक संस्थेचे वजन त्या मागणीमागे कसे उभे करावे, यावर तक्रारीचे यश बऱ्याच अंशी अवलंबून राहते.

## पार्श्वभूमी

### नद्या व भूजल

नांदेड शहर गोदावरीच्या काठी वसले असून शहराला विष्णुपुरी प्रकल्पाच्या जलाशयातून पाणीपुरवठा होतो. लातूर शहराचा पाणीपुरवठा बीड जिल्ह्यातील धनेगाव येथील मांजरा धरणावर अवलंबून आहे. मांजरा नदी लातूर व नांदेड जिल्ह्यांतून वाहत जाऊन पुढे गोदावरीला मिळते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी प्रसिद्ध केली. त्यांपैकी ५३ पट्टे महाराष्ट्रातील होते व त्यांत गोदावरी आणि मांजरा या दोन्ही नद्यांचा समावेश होता. नद्यांच्या प्रदूषणात शहरी सांडपाण्याचा वाटा मोठा असतो. त्यामुळे महानगरपालिका ही तक्रार ऐकणारी संस्था असतानाच अनेकदा प्रदूषणकर्तीही ठरते.

पाण्याच्या टंचाईमुळे या प्रदेशात प्रदूषणाची झळ अधिक बसते. २०१६ च्या दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिली गाडी १२ एप्रिल २०१६ रोजी १० टाक्यांतून सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन लातूरला पोहोचली. ज्या गावाला एकाच विहिरीचा किंवा कूपनलिकेचा आधार असतो, तेथे तो स्रोत दूषित झाल्यास दुसरा पर्याय उरत नाही. मराठवाड्याचा बहुतांश भूभाग बेसाल्ट खडकाचा असल्याने भूजल खडकातील भेगा व सांध्यांतून वाहते. त्यामुळे कारखान्याच्या कुंपणाला लागून असलेली विहीर स्वच्छ राहते आणि बरीच दूर असलेली विहीर बिघडते, असेही घडू शकते. दूषित पाण्याचा स्रोत केवळ अंतरावरून ठरवता येत नाही, तो तपासणीनेच ठरवावा लागतो.

### उद्योगांचे स्वरूप

दोन्ही जिल्ह्यांतील उद्योग प्रामुख्याने शेतमालावर आधारलेले आहेत. लातूर ही तूर व सोयाबीनची मोठी बाजारपेठ असून तेथे डाळ गिरण्या व खाद्यतेल गिरण्या आहेत. नांदेड जिल्ह्यात नांदेड शहराजवळ व नायगाव तालुक्यातील कृष्णूर येथे औद्योगिक क्षेत्रे आहेत. याशिवाय दोन्ही जिल्ह्यांत साखर कारखाने असून काहींना आसवनी जोडलेल्या आहेत.

साखर उद्योग आणि आसवनी यांचा समावेश सर्वाधिक प्रदूषणक्षम अशा लाल प्रवर्गात होतो. मळीपासून मद्यार्क तयार केल्यावर उरणारे गडद तपकिरी, आम्लधर्मी सांडपाणी ‘स्पेंटवॉश’ या नावाने ओळखले जाते. एक लिटर मद्यार्कामागे साधारणतः ८ ते १५ लिटर स्पेंटवॉश निर्माण होतो. त्याची जैविक प्राणवायू मागणी लिटरमागे ४०,००० मिलिग्रॅमहून अधिक असू शकते. नदीनाल्यात सोडावयाच्या प्रक्रियायुक्त पाण्यासाठी हीच मर्यादा सामान्यतः ३० मिलिग्रॅम आहे. असे पाणी ओढ्यात शिरल्यास पाण्यातील विरघळलेला प्राणवायू झपाट्याने संपतो आणि मासे मरतात. गाळप हंगाम पावसाळा संपल्यावर सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतो. याच काळात ओढ्यांचे पाणी आटत जाते, त्यामुळे सांडपाणी विरळ होण्यास पुरेसा प्रवाह मिळत नाही.

केंद्रीय मंडळाने २००९ मध्ये तयार केलेल्या सर्वंकष पर्यावरणीय प्रदूषण निर्देशांकात महाराष्ट्रातील चंद्रपूर, डोंबिवली, औरंगाबाद, नवी मुंबई व तारापूर ही क्षेत्रे अतिप्रदूषित ठरली होती. नांदेड व लातूर ही मोठी औद्योगिक केंद्रे नसल्याने अशा राष्ट्रीय पाहण्यांचा प्रकाश त्यांच्यावर कमी पडतो. परिणामी प्रदूषण नजरेस आणून देण्याचे काम येथे बहुधा रहिवाशांवरच येऊन पडते.

## अधिकारांची विभागणी

### महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ

राज्यात हे मंडळ १९७० मध्ये स्थापन झाले. जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ आणि हवा (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९८१ यांची अंमलबजावणी मंडळ करते. उद्योग उभारण्यापूर्वी स्थापनेची आणि उत्पादन सुरू करण्यापूर्वी चालविण्याची, अशा दोन संमती मंडळाकडून घ्याव्या लागतात. संमतीपत्रात सांडपाण्याचे कमाल प्रमाण, त्याची गुणवत्ता, ते कोठे सोडावे, धुराड्याची उंची इत्यादी अटी नमूद असतात. अटींचा भंग झाल्यास मंडळ कारणे दाखवा नोटीस देऊ शकते, बँक हमी जप्त करू शकते, तसेच जल अधिनियमाच्या कलम ३३अ आणि हवा अधिनियमाच्या कलम ३१अ अन्वये कारखाना बंद करण्याचे अथवा त्याची वीज व पाणी तोडण्याचे निर्देश देऊ शकते. मंडळाची उपप्रादेशिक कार्यालये नांदेड व लातूर येथे आहेत.

### महानगरपालिका व नगरपरिषदा

नांदेड-वाघाळा शहर महानगरपालिका १९९७ मध्ये, तर लातूर शहर महानगरपालिका २०११ मध्ये स्थापन झाली. ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य, घनकचरा व्यवस्थापन आणि पर्यावरणाचे संरक्षण हे विषय नागरी संस्थांच्या कार्यकक्षेत आले. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमानुसार शहराच्या हद्दीत नवा कारखाना सुरू करण्यास आयुक्तांची परवानगी लागते (कलम ३१३). धोकादायक किंवा उपद्रवकारक व्यवसायांना परवाना घ्यावा लागतो (कलम ३७६). कलम ६७अ प्रमाणे आयुक्तांनी दरवर्षी शहराच्या पर्यावरणाच्या सद्यस्थितीचा अहवाल महापालिकेसमोर ठेवणे बंधनकारक आहे. हा अहवाल नागरिकांना मागता येतो आणि त्यातील आकडे पुढील तक्रारींचा पाया ठरू शकतात.

### ग्रामपंचायत

अनेक साखर कारखाने व लहान उद्योग शहरांबाहेर, ग्रामपंचायतींच्या हद्दीत आहेत. ग्रामपंचायतीला संमतीपत्र रद्द करता येत नाही. तथापि पिण्याच्या पाण्याच्या स्रोतांची देखभाल, गावाची स्वच्छता आणि सार्वजनिक आरोग्य ही तिची कर्तव्ये आहेत. त्यामुळे विहीर दूषित झाल्याची तक्रार ही ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या कर्तव्याशी निगडित बाब ठरते आणि ती ‘आमच्या अखत्यारीत नाही’ असे सांगून टाळता येत नाही.

### औद्योगिक विकास महामंडळ व जिल्हाधिकारी

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या क्षेत्रात नियोजन, बांधकाम परवानगी, रस्ते व पाणीपुरवठा ही कामे महामंडळाकडे असतात. वसाहतीच्या गटारातून बाहेर येणाऱ्या पाण्याविषयीचे पत्र म्हणून महामंडळाच्या कार्यालयालाही द्यावे लागते. जिल्हाधिकारी हे जिल्हादंडाधिकारी या नात्याने सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचे आदेश देऊ शकतात. राष्ट्रीय हरित अधिकरणाच्या २०१९ मधील आदेशानंतर प्रत्येक जिल्ह्याला जिल्हा पर्यावरण आराखडा तयार करावा लागतो व त्याच्या समन्वयाची जबाबदारीही जिल्हाधिकाऱ्यांकडे आहे.

## नागरिकांसाठी उपलब्ध मार्ग

### नोंदी व पुरावा

तक्रारीची विश्वासार्हता तिच्या नोंदींवर अवलंबून असते. ‘कारखाना नेहमीच घाण पाणी सोडतो’ या वाक्यावर अधिकाऱ्याला कारवाई करता येत नाही. दिनांक, वेळ, ओढ्याचे नाव, गट क्रमांक, पाण्याचा रंग, वास, वाऱ्याची दिशा आणि छायाचित्र अशी काही आठवड्यांची वही असल्यास पाहणी कोणत्या वेळी करावी हे ठरवता येते. सांडपाणी रात्री किंवा पावसाच्या सरीबरोबर सोडले जात असल्याचा संशय असेल, तर अशा वहीचे महत्त्व विशेष असते.

पाण्याच्या नमुन्याबाबत एक कायदेशीर भेद लक्षात घ्यावा लागतो. जल अधिनियमाच्या कलम २१ नुसार मंडळाच्या अधिकाऱ्याने कारखानदाराला सूचना देऊन, विहित पद्धतीने मोहोरबंद केलेल्या नमुन्याचा अहवालच कारखान्याविरुद्धच्या कायदेशीर कारवाईत पुरावा म्हणून ग्राह्य धरला जातो. नागरिकाने बाटलीत भरून आणलेला नमुना तसा ग्राह्य ठरत नाही. मात्र विहिरीच्या पाण्याचा भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या किंवा अन्य मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल सोबत असल्यास अधिकृत नमुना घेण्याची मागणी टाळणे कठीण होते. प्रदूषण सुरू होण्यापूर्वीचा अहवाल उपलब्ध असल्यास तुलना अधिक परिणामकारक होते.

### संमतीपत्राची पाहणी

जल अधिनियमाच्या कलम २५(६) नुसार मंडळाने संमतीच्या अटींची नोंदवही ठेवणे आवश्यक आहे आणि संबंधित सांडपाण्यामुळे बाधित होणाऱ्या कोणत्याही व्यक्तीला ती पाहता येते. हवा अधिनियमाच्या कलम ५१ मध्येही तशीच तरतूद आहे. या तरतुदी फारशा परिचित नाहीत. संमतीपत्र हाती आल्यावर तक्रारीची भाषा बदलते. ‘दुर्गंधी येते’ याऐवजी ‘अट क्रमांक अमुक प्रमाणे सांडपाणी आवाराबाहेर सोडण्यास मनाई असताना ते अमुक ओढ्यात आढळले’ असे लिहिता येते.

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली १० रुपये शुल्क भरून संमतीपत्र, पाहणी अहवाल, नमुन्यांचे विश्लेषण, बजावलेल्या नोटिसा व त्यांवरील उत्तरे यांच्या प्रती मागता येतात. सर्वसाधारणपणे ३० दिवसांत माहिती देणे बंधनकारक असते. विषय थोडक्यात, कालावधी स्पष्ट आणि कागदपत्रांची नावे नेमकी असल्यास माहिती लवकर मिळण्याची शक्यता वाढते.

### ग्रामसभेचा ठराव व निवेदने

ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा घेणे अपेक्षित असून २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर हे तिचे रूढ दिवस आहेत. प्रदूषणाचा विषय विषयपत्रिकेवर येण्यासाठी सरपंच व ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना आधी लेखी पत्र देणे हिताचे असते. ठरावात घटनेचा तपशील, बाधित विहिरी व शेतजमिनी, मंडळाकडे करावयाची मागणी आणि पाठपुराव्याची जबाबदारी कोणाची याचा उल्लेख असावा. ठराव मंडळावर बंधनकारक नसला, तरी तो सार्वजनिक संस्थेचा अधिकृत दस्तऐवज असतो आणि पुढे न्यायालयात किंवा अधिकरणात उपयोगी पडतो. एका व्यक्तीच्या अर्जापेक्षा ठरावामुळे तक्रारदारावरील वैयक्तिक दडपणही कमी होते.

शहरात प्रभागातील नगरसेवकामार्फत सर्वसाधारण सभेत प्रश्न उपस्थित करता येतो. दोन्ही महानगरपालिकांची मुदत २०२२ मध्ये संपल्यानंतर काही वर्षे निवडणुका झाल्या नाहीत व कारभार प्रशासकाकडे राहिला. त्या काळात सभागृहाचा हा मार्ग बंद होता. अशा वेळी दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी होणारा लोकशाही दिन, ‘आपले सरकार’ संकेतस्थळावरील तक्रार प्रणाली आणि थेट लेखी निवेदन हे मार्ग उरतात. कोणत्याही निवेदनाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक व दिनांकासह पोच घेणे अत्यावश्यक आहे, कारण पुढील सर्व मुदती त्या पोचेवरून मोजता येतात.

### जनसुनावणी

१४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार ठरावीक क्षमतेवरील साखर कारखाने, आसवनी व अन्य मोठ्या प्रकल्पांना पूर्वमंजुरी लागते. अशा अनेक प्रकल्पांसाठी प्रकल्पस्थळी किंवा त्याच्या निकट जनसुनावणी घेतली जाते. किमान ३० दिवस आधी वृत्तपत्रांत सूचना प्रसिद्ध होते. मसुदा अहवाल जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद व स्थानिक संस्थांकडे पाहण्यासाठी ठेवला जातो व त्याचा सारांश स्थानिक भाषेतही द्यावा लागतो. सुनावणीच्या अध्यक्षस्थानी जिल्हादंडाधिकारी किंवा अपर जिल्हादंडाधिकारी दर्जाहून कमी नसलेला अधिकारी असतो.

सुनावणीसाठी गणसंख्येची अट नाही. फारसे कोणी आले नाही तरी ती वैध ठरते, त्यामुळे गैरहजेरी हा निषेधाचा परिणामकारक मार्ग ठरत नाही. सुनावणीच्या अखेरीस उपस्थित झालेल्या मुद्द्यांचे इतिवृत्त स्थानिक भाषेत वाचून दाखवणे आवश्यक असते. आपला आक्षेप त्यात आला आहे की नाही हे त्याच वेळी तपासावे आणि शिवाय तो लेखीही द्यावा. प्रकल्पाला पाणी कोठून मिळणार, दुष्काळी वर्षात ते किती घेतले जाणार, सांडपाणी साठवण्याच्या टाक्यांची क्षमता किती दिवसांची आहे आणि गाळप लांबल्यास काय होणार, असे प्रश्न सर्वसाधारण विरोधापेक्षा अधिक उपयोगी ठरतात. लहान उद्योगांना ही प्रक्रिया लागू नाही. त्यांच्या बाबतीत संमतीपत्राची पाहणी हाच मुख्य आधार राहतो.

### दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज

फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ मध्ये सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा आदेश देण्याचा अधिकार कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना होता. १ जुलै २०२४ पासून ही तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ मध्ये आली आहे. उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे करावयाचा हा अर्ज कमी खर्चाचा असून तालुकास्तरावरील नागरिकांच्या आवाक्यातील आहे.

### राष्ट्रीय हरित अधिकरण

२०१० च्या अधिनियमान्वये स्थापन झालेल्या अधिकरणाचे पश्चिम विभागीय पीठ पुणे येथे आहे. पर्यावरणविषयक वादाचा अर्ज कारण उद्भवल्यापासून सहा महिन्यांत, तर नुकसानभरपाईचा अर्ज पाच वर्षांत करावा लागतो. पुरेसे कारण दाखविल्यास या दोन्ही मुदतींत ६० दिवसांपर्यंत सवलत मिळू शकते. नुकसानभरपाईची मागणी नसल्यास अर्जाचे शुल्क १,००० रुपये आहे. अर्जदाराला स्वतः बाजू मांडता येते. वर्षानुवर्षे निवेदने देत राहिल्याने मुदत निघून जाण्याचा धोका असल्यामुळे पहिल्या पोचेची तारीख येथे निर्णायक ठरू शकते.

## महत्त्वाची उदाहरणे

रतलाम (१९८०) – मध्य प्रदेशातील रतलाम येथील रहिवाशांनी उघडी गटारे व मद्यार्क कारखान्याचे दुर्गंधीयुक्त पाणी यांविरुद्ध दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज केला. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाविरुद्ध नगरपालिका सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. निधी नाही ही सबब वैधानिक कर्तव्यातून सुटका देऊ शकत नाही, असा निर्णय न्या. कृष्ण अय्यर यांनी दिला. स्थानिक संस्थेला तिच्या कर्तव्याची आठवण करून देणाऱ्या प्रत्येक निवेदनासाठी हा निर्णय आजही आधारभूत आहे.

नाशिक (२०१२) – गोदावरीच्या प्रदूषणाविषयी नागरिकांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. न्यायालयाच्या आदेशामुळे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेकडून उपाययोजना मागविण्यात आल्या. तीच नदी पुढे नांदेडला येत असल्याने या प्रकरणाला मराठवाड्याच्या दृष्टीनेही महत्त्व आहे.

तारापूर (२०१६–२०२२) – पालघर जिल्ह्यातील मच्छीमारांच्या अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने तारापूर औद्योगिक क्षेत्रातील सांडपाण्याविरुद्ध हरित अधिकरणात अर्ज केला. अधिकरणाने जानेवारी २०२२ मध्ये सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्र व अनेक उद्योगांवर मोठी भरपाई बसविली. त्याविरुद्ध अपिले सर्वोच्च न्यायालयात गेली. उपजीविकेचे नुकसान एकेकट्याने न मांडता समाजाच्या संघटनेने मांडल्याचे हे ठळक उदाहरण आहे.

पर्यावरण सुरक्षा समिती (२०१७) – २२ फेब्रुवारी २०१७ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने चालू स्थितीतील सांडपाणी प्रक्रिया यंत्रणेशिवाय उद्योग चालू देऊ नयेत असे निर्देश दिले. स्थानिक संस्थांनी सांडपाणी प्रक्रिया केंद्रे उभारण्याविषयीही त्यात निर्देश आहेत.

## मर्यादा व अडचणी

साखरपट्ट्यातील सर्वांत नाजूक अडचण आर्थिक परावलंबनाची आहे. ज्याची विहीर बिघडते त्याचाच ऊस त्याच कारखान्यात जातो, घरातील कोणी तेथेच नोकरीला असतो आणि तोडणीची पाळी लांबण्याची धास्ती मनात असते. त्यामुळे तक्रारीवर सही करण्यास माणसे कचरतात. सहकारी कारखान्यांत या नात्याची दुसरी बाजूही आहे. ऊस उत्पादक हा कारखान्याचा सभासद, म्हणजे मालकही असतो. वार्षिक सर्वसाधारण सभेत सांडपाणी प्रक्रियेवरील खर्च, मंडळाच्या नोटिसा आणि जप्त झालेल्या बँक हमी यांविषयी प्रश्न विचारण्याचा हक्क त्याला आहे. हा मार्ग फार कमी वापरला जातो.

कारखान्यातील कामगार हाही बाधित घटक आहे. जानेवारी २०१७ मध्ये लातूरच्या औद्योगिक वसाहतीतील एका तेल गिरणीत सांडपाण्याची टाकी साफ करताना नऊ कामगारांचा मृत्यू झाला. सांडपाणी व्यवस्थेतील हयगयीची पहिली किंमत कुंपणाच्या आतील माणसांना मोजावी लागते, हे या दुर्घटनेने दाखवून दिले. तरीही कामगारांची सुरक्षा आणि परिसराचे प्रदूषण हे विषय निरनिराळ्या खात्यांकडे असल्याने त्यांचा एकत्रित विचार क्वचितच होतो.

कायद्यातही बदल झाले आहेत. २०२३ च्या जन विश्वास अधिनियमाने हवा व पर्यावरण अधिनियमांतील अनेक शिक्षा रद्द करून त्यांऐवजी न्यायनिर्णय अधिकाऱ्याने ठरवावयाचा दंड आणला. जल अधिनियमात तशीच दुरुस्ती संसदेने २०२४ मध्ये केली. राज्यांनी ठराव करून ती स्वीकारावयाची आहे. दंड लवकर वसूल होईल असा या बदलाच्या समर्थकांचा युक्तिवाद आहे, तर मोठ्या उद्योगांना दंड हा केवळ खर्चाचा भाग वाटेल अशी टीका केली जाते. यामुळे नागरिकांनी ६० दिवसांची नोटीस देऊन थेट फौजदारी तक्रार करण्याच्या जुन्या मार्गाचे व्यवहारातील महत्त्व घटले आहे. त्या प्रमाणात मंडळाच्या निर्देशांचा आणि हरित अधिकरणाचा आधार वाढला आहे.

कारखाना बंद करण्याचा आदेश हा शेवटचा उपाय मानला जातो. ऐन हंगामात गाळप थांबल्यास उभ्या उसाचे नुकसान शेतकऱ्यांनाच सोसावे लागते. त्यामुळे प्रक्रिया यंत्रणेची दुरुस्ती, साठवण टाक्यांचे अस्तरीकरण, बाधित विहिरींची नियमित तपासणी व पर्यायी पाणीपुरवठा यांसाठी कालबद्ध कार्यक्रमाची मागणी अनेक प्रसंगी अधिक व्यवहार्य ठरते. अशा मागणीसाठी हंगाम सुरू होण्यापूर्वीचे महिने अनुकूल असतात, कारण त्या काळात दुरुस्तीला वाव असतो आणि ऑगस्ट व ऑक्टोबरमधील ग्रामसभांत तिचा पाठपुरावा करता येतो.

## हेही पाहा

* महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ
* राष्ट्रीय हरित अधिकरण
* ग्रामसभा
* माहितीचा अधिकार
* गोदावरी नदी
* मांजरा नदी